भयाचा धनी कोण? : श्रेष्ठ भयपटाच्या निवडीचा नैतिक प्रश्न

सर्वश्रेष्ठ आणि सर्वांत प्रभावशाली भयपट कोणते, हा प्रश्न वरवर केवळ अभिरुचीचा वाटतो. वस्तुतः त्यात दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र बांधलेले असतात. 'श्रेष्ठ' हा मूल्यवाचक शब्द आहे, तर 'प्रभावशाली' हा परिणामवाचक. एखाद्या कृतीचे अनुकरण किती झाले, हे मोजता येते. ते अनुकरण इष्ट होते काय, हे मोजून कळत नाही. इतर चित्रप्रकारांत ही गल्लत फारशी बाधत नाही. भयपटात मात्र ती बाधते, कारण भय ही भावना निराधार राहू शकत नाही; भ्यायचे तर कोणाला तरी भ्यावे लागते. ते 'कोणीतरी' कोण असावे, हे ठरवताना चित्रपट एक नैतिक निर्णय घेत असतो. त्या चित्रपटाला श्रेष्ठत्व बहाल करणाराही त्या निर्णयात कळत नकळत सहभागी होतो.

भारतीय काव्यशास्त्राने या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वीच निश्चित करून ठेवली आहे. भरताच्या मते भयानक रसाचा उगम बीभत्सात आहे. विकृत आवाज, पिशाच्चादी सत्त्वांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांचा त्रास, ओस घर, अरण्य हे त्याचे विभाव होत. पण भय वाटते कोणाला? नाट्यशास्त्र भयाची जागा स्त्रिया आणि 'नीच प्रकृती'च्या व्यक्ती यांच्या ठिकाणी नेमून देते, आणि साहित्यदर्पणकार विश्वनाथही तेच सांगतो. म्हणजे भयाचा आश्रय येथे सामाजिक उतरंडीनुसार ठरला आहे. पाश्चात्त्य विचाराने दुसऱ्या बाजूकडे अधिक लक्ष दिले. जे प्रत्यक्षात टाळायचे, ते कलेत माणूस आवडीने का पाहतो, हा विरोधाभास नोएल कॅरल यांनी १९९० साली तपशिलाने मांडला. त्याआधी रॉबिन वुड यांनी असे प्रतिपादन केले होते की, समाज जे दडपतो तेच राक्षसाच्या रूपाने पडद्यावर परत येते. या दोन विचारपरंपरा एकत्र वाचल्या, तर भयपटाची खरी कसोटी हाती लागते : कोण भितो, कोणाला भितो, आणि हे वाटप कोणाच्या सोयीचे आहे?

ही कसोटी अमूर्त पातळीवर न ठेवता एका विशिष्ट भूप्रदेशात लावून पाहणे उपयोगाचे ठरेल. सातारा जिल्ह्यातील मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी वेण्णा मेढ्यावरून पुढे कृष्णेकडे जाते, आणि मेढ्याहून केळघरचा घाट चढला की त्याच पठारावर पोहोचता येते. १९७२ साली प्रदर्शित झालेल्या रामसे बंधूंच्या 'दो गज जमीन के नीचे' या चित्रपटाचे चित्रीकरण या महाबळेश्वरात झाले. तेथून जी मालिका सुरू झाली, ती 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) यांच्यापर्यंत पोहोचली. प्रभाव हाच निकष मानला, तर हिंदी भयपटाच्या इतिहासात या घराण्याला बाजूला सारता येणार नाही. धुके, जुना बंगला, रान ही सामग्री तर भरताच्या विभावांच्या यादीतूनच उचललेली वाटावी.

परंतु त्या सामग्रीत जावळीचे स्वतःचे भय कोठे आहे? कोयनेच्या शिवसागर जलाशयाने या खोऱ्यातील गावे गिळली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने घरे पाडली, माणसे मारली. पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा आणि खचणारे डोंगर ही येथील नित्याची धास्ती. या अस्सल भयांपैकी कशाचीही पडद्याला गरज भासली नाही. डोंगर हवा होता, डोंगरातला माणूस नको होता. त्याच्या जागी आली ती चेटकीण. 'वीराना'त ठाकूर चेटकिणीला फासावर देतो आणि तिचा आत्मा घरातल्याच मुलीच्या देहात शिरतो. भय येथे स्त्रीच्या कामनेवर लादलेले आहे, आणि फास देणारा ठाकूर मात्र प्रेक्षकाच्या सहानुभूतीचा धनी राहतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, प्रेक्षकाला कल्पित ठाऊक असते. साधारणीकरणामुळे लौकिक भयाचे रसात रूपांतर होते आणि म्हणून नैतिक प्रश्नच उरत नाही. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. साधारणीकरण प्रेक्षकाला त्याच्या व्यक्तिगत भयापासून मुक्त करते. जिच्याकडे बोट दाखवून भय निर्माण केले, तिला ते मुक्त करीत नाही. याच साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे, गुप्तधनासाठी अमानुष कृत्ये करणे हे त्या कायद्याने गुन्हे ठरवले आहेत. चित्रपटामुळे असे गुन्हे घडतात, असा निष्कर्ष येथे काढायचा नाही. तसा कार्यकारणभाव सिद्ध करणे शक्य नाही, आणि त्या आधाराने कलेवर बंदी मागणे हे तर वेगळेच अरिष्ट होय. मुद्दा इतकाच की, ज्या समाजात चेटकीण ठरणे ही प्रत्यक्ष आपत्ती आहे, तेथे पडद्यावरची चेटकीण ही निव्वळ प्रतिमा राहत नाही.

या पार्श्वभूमीवर राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) महत्त्वाचा ठरतो. प्रभावाची साखळी किती वळणांनी जाते, याचेही तो उत्तम उदाहरण आहे. स्टीफन किंग यांच्या एका कथेवरून नारायण धारपांनी 'आजी' ही कथा लिहिली. ती १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राच्या तोंडून बर्वे यांनी ऐकली, आणि चित्रपटाचे नाव आले ते श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. मराठी समीक्षेने ज्या लेखकाला दीर्घकाळ रंजनाच्या कप्प्यात ठेवले, त्याची कथा अशा मार्गाने व्हेनिसच्या समीक्षक-सप्ताहाच्या उद्घाटनापर्यंत गेली. मूळ कोण आणि अनुकरण कोण, हा प्रश्न येथे गौण ठरतो; घेतलेल्या भयाचे पुढे काय केले, हा मुख्य.

'तुंबाड'मध्ये गुप्तधन आहे, साखळदंडातली शापित म्हातारी आहे, ओसाड वाडा आहे. साहित्य सारे जुनेच. तरीही १९१८ ते १९४७ या काळात कथा जसजशी सरकते, तसतसे भय म्हातारीवरून सरकत विनायकाकडे येते. हस्तर हा भुकेला देव आहे; त्याला लुटायला गर्भगृहात उतरणारा माणूस पोट भरलेला आहे. बीभत्स आधी, भयानक नंतर, हा भरताचा क्रम चित्रपट पाळतो. आश्रय मात्र उलटवतो. येथे भितो तो वाड्याचा पुरुष वारस, आणि भिण्यासारखी गोष्टही त्याचाच वारसा. अर्थात उणीव आहेच : लोभ हा नीतिकथेतल्यासारखा सार्वत्रिक दोष होऊन बसतो, आणि ज्यांच्या श्रमांवर असे वाडे उभे राहिले, ती कुळे चौकटीबाहेरच राहतात.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) हेच स्थानांतर अधिक उघडपणे घडते. सातारा-सांगलीच्या माणसाला ऊस म्हणजे उदरनिर्वाह. येथे तो गर्भवतीला गिळणारा चकवा होतो. प्रथम मेलेल्या मुलांचे भय वाटते, मग त्यांना या गतीला पोहोचवणाऱ्या, मुलगी नको असलेल्या घराचे. हिंदीत 'छोरी' (२०२१) या नावाने त्याचे पुनर्निर्माण झाले, म्हणजे प्रभावाचा प्रवाह येथे उलट दिशेने वाहिला. तथापि आशय योग्य असणे म्हणजे कृती श्रेष्ठ असणे नव्हे. जेथे संदेश शब्दांत सांगितला जातो, तेथे 'लपाछपी'तले भय ओसरते. नैतिक निकष कृतीच्या रचनेतच सिद्ध व्हावा लागतो. बाहेरून चिकटवलेला बोध त्याची भरपाई करीत नाही.

तेव्हा प्रभावशाली कृतींची यादी इतिहासकाराने करावी; तीत रामसे बंधू अग्रभागी असतील, आणि १९८८च्या अमेरिकी 'चाइल्ड्स प्ले'च्या कल्पनेवर उभा असूनही मराठी बालमनात घर केलेला 'झपाटलेला'तील (१९९३) तात्या विंचूही असेल. श्रेष्ठतेची निवड ही निराळी जबाबदारी आहे. दुबळ्याच्या माथी मारलेले भय जी कृती अखेरीस त्याच्या खऱ्या धन्याकडे परत नेते, आणि तेही भयाची धार बोथट न करता, ती श्रेष्ठ. या मापाने 'तुंबाड' 'वीराना'हून वरचा ठरतो, पण निर्दोष ठरत नाही. जावळीच्या धुक्यात बुडालेल्या गावांचे भय अद्याप पडद्याची वाट पाहत आहे, हे लक्षात ठेवले तर अशी कोणतीही यादी अपुरीच मानावी लागेल.