परवाना बंदुकीचा, जिवाचा नव्हे



काळविटांचा कळप कोवळ्या सोयाबीनमध्ये शिरला की पिंपळगावच्या शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. मग प्रश्न येतो: पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, तर गायरानात चरणारे हरीण मारले तर काय बिघडले?

1959 च्या शस्त्र कायद्यात असा परवाना आहे. पण तो बंदूक बाळगण्याचा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे. केवळ पीक खाल्ले म्हणून त्याला मारता येत नाही. गायरान सर्वांचे, म्हणून तिथला जीव कोणीही घ्यावा, असे नाही.

ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद 2418) विनाकारण प्राण्यांना छळणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे असे मानते. देवाने आदामाला बाग सोपवली ती मशागतीसाठी आणि राखणीसाठीही.

परंतु ज्याचे पीक गेले त्याला नुसता दयेचा उपदेश करणे ही आपली पळवाट ठरेल. मुक्या जिवाला अभय आपण सर्वांनी द्यायचे आणि त्याची किंमत एकट्याने मोजायची, हा न्याय नव्हे. वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करताना, पंचनाम्याच्या वेळी, रात्रीच्या राखणीला आपण त्याच्यासोबत उभे राहू या. प्रभू आपणांस तसे बळ देवो.