देवापुढच्या दोन रांगा

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते, की २६ जानेवारीला आपण एका विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत: राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. परळच्या चाळीत बरीच वर्षे काढलेल्या आणि १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाचा हा इशारा होता. सर्व माणसे जन्मतः समान, असा अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली लिहिणाऱ्या जेफर्सनच्याच पदरी शेकडो गुलाम होते, हे त्या देशाचे दुखणे त्यांना ठाऊक होते. राज्यकारभारातल्या अशा विसंगतीवर कायद्याचा, मतपेटीचा इलाज निदान करून तरी पाहता येतो. पण जिथे सारे सारखे, असे आपण मनापासून मानतो, त्या देवाच्या दारातच उच्चनीच मांडून ठेवले, तर त्या श्रद्धेला काय अर्थ उरतो?

फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना मध्येच ओढून उठवण्यात आले. प्रार्थना संपेपर्यंतही कुणाला धीर धरवला नाही. ती माणसे तिथून निघाली ती कायमची, आणि स्वतःची गुलामी पैसे मोजून संपवलेल्या रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली १८१६ मध्ये त्यांचा स्वतंत्र धर्मसंघ उभा राहिला. आपल्या दादरला १९२६ साली प्रसंग वेगळा होता, पेच तोच होता. सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानलेल्यांनाही पूजेचा हक्क हवा, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरला. शेवटी तोड निघाली ती अशी, की दलित कार्यकर्त्याने फुले ब्राह्मण पुजाऱ्याच्या हाती द्यावीत आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहावीत. म्हणजे फुले चालली, हात चालला नाही. तत्त्व नाकारले नाही आणि पायरीही हलू दिली नाही. प्रबोधनकारांनी पुढे दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला, तो या अनुभवानंतर.

यावर एक जुना आक्षेप आहे: परमार्थात सारे एक, व्यवहारात भेद राहणारच. हा आक्षेप मला पटत नाही, कारण पूजा, दर्शन, नमस्कार हा परमार्थाचाच व्यवहार आहे. दिंडीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हा समता शरीराने पाळली जाते. तरीही त्याच परंपरेतले चोखोबा विठ्ठलाच्या देवळाबाहेरच राहिले, आणि ते दार दलितांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. अभंगांत समता शतकानुशतके गायली जात होती. तत्त्व आपोआप रुजते, त्याला वेळ द्या, असे म्हणणाऱ्यांनी ही शतके मोजावीत.

आज मंडपाच्या दारात कुणी जात विचारत नाही, हे खरे आणि मोलाचे आहे. विचारला जातो तो पास. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ सालची. आपल्याला बाजारासाठी हक्काची जागा मिळावी, या कोळी आणि छोट्या विक्रेत्यांच्या नवसातून ती झाली. आज त्याच राजापुढे नवसाच्या रांगेत माणसे रात्र रात्र उभी असतात. कडेवर पेंगुळलेले मूल, हातात नारळ, आणि पायांशी पोहोचताच ‘चला, चला, पुढे व्हा’ म्हणत दंडाला धरून सरकवणारा स्वयंसेवक. डोके टेकते न टेकते तोच उचलावे लागते. त्याच वेळी ओळखीच्या, पदाच्या, प्रसिद्धीच्या बळावर आलेली मंडळी दुसऱ्या वाटेने येतात, निवांत उभी राहतात, फोटो काढतात.

गर्दी लाखोंची आहे, शिस्त हवी, मंत्र्यांना सुरक्षा लागते, असे कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे; दहा-अकरा दिवस ती मुले झोपत नाहीत. पण वृद्ध, अपंग, गरोदर बाई यांच्यासाठी वेगळी वाट ही गरजेची वाट आहे. तिने समता मोडत नाही, उलट पाळली जाते. पासाची वाट प्रतिष्ठेची आहे. सुरक्षेचे म्हणाल तर ज्यांना खरोखर धोका आहे असे लोक किती? त्यांच्या सोयीआड बाकीचे का शिरतात? माणूस आहे, चुकणारच, हेही सांगितले जाते. चूक एखाद्या वेळी होते. बॅरिकेड लावून, पास छापून जे दरवर्षी केले जाते, त्याला चूक म्हणत नाहीत. देवाला सगळे सारखेच, रांग माणसांची, हा युक्तिवाद तर सर्वांत दुबळा. देवाला सगळे सारखे असतील, तर त्याच्या समोर आपण तसे वागून दाखवणे हीच पूजा. शिवाय सोळा तास उभ्या राहिलेल्या बाईच्या दंडाला झालेला तो स्पर्श तिला तिची जागा सांगतो, आणि कडेवरचे मूलही ती शिकते.

गिरगावपासून परळपर्यंतच्या मंडळांना म्हणून विनंती आहे: पुढच्या भाद्रपदात गरजेची वाट ठेवा, पासाची वाट बंद करा. आणि ज्यांच्याकडे पास येतो त्यांनी तो परत करावा.