वार वाटून घ्या

घरी बसून बायबल वाचलं, गुडघे टेकले, तर कमी काय पडतं? आमच्यातली तरुण पोरं हे हल्ली मला विचारतात. उपदेश मोबाइलवर, गीतं मोबाइलवर, मग रविवारी कशाला जमायचं? मी विचारते, बाळा, तू अंथरुणाला खिळलास तर तुझी चादर कोण धुणार?

आमच्या जालना जिल्ह्यातल्या वाटूरला आम्ही ख्रिस्ती माणसं थोडी, आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातात ऊसतोडीचा कोयता. दिवाळी झाली की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. एका हंगामात आम्ही कोल्हापूरकडे होतो आणि इकडे सासूबाई न्हाणीत पडल्या. खुबा मोडला. अंगावर उचल, मुकादम सोडेना. प्रार्थनेला येणाऱ्या बायकांनी वार वाटून घेतले. आमच्या पत्र्याच्या दारावर, आतल्या बाजूला, खडूने लिहून ठेवलं होतं: सोमवारी अंघोळ कुणी घालायची, मंगळवारी भाकरी कुणाची, पाणी कुणी भरायचं. शनिवारपुढे शेजारच्या मुसलमान बाईचं नाव. ती आमच्या प्रार्थनेला येत नाही. तिने वार मागून घेतला होता. प्रभूने शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली ती अशाच माणसांसाठी, असं मला मनापासून वाटतं.

सासूबाईंना मात्र घेणं जड जाई. कुणाला ओझं व्हायचं नाही, हेच धरून बसल्या. तेव्हा मंडळीतल्या एका म्हातारीने त्यांना सुनावलं, “आक्का, तुम्ही घेतलंच नाही तर आम्ही द्यायचं कुणाला?”

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल आधी सांगतो, एकमेकांची ओझी उचला. आणि तीनच वचनांनंतर सांगतो, ज्याने त्याने आपला भार वाहावा. वाचणाऱ्याला हे उलटसुलट वाटतं. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला वाटत नाही. मोळी ज्याची त्यानेच वाहायची असते, पण ती डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतोच.

हे आपल्या जिल्ह्यात फार पूर्वी एकाला कळलं होतं. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते निजामाच्या राज्यात जालन्याला आले, दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. तिथे राहायला आली ती मुख्यतः मांग आणि महार समाजातली माणसं. ज्यांची सावलीसुद्धा विटाळ मानली जाई, त्यांच्यात या माणसाने आयुष्य घातलं. नुसता उपदेश करून मुंबईला परतता आलं असतं. पण गावाने वाळीत टाकलेल्या माणसाला उपदेशाइतकीच विहीर लागते, काम लागतं, रात्री हाक मारायला शेजारी लागतो.

आणि आज आम्ही काय करतो? प्रभुभोजनाला एका मेजाशी गुडघे टेकतो आणि सोयरीक जुळवताना जात विचारतो. करिंथच्या मंडळीत सधन माणसं आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, त्यावर पौल किती कडक बोलला! आमच्यावरही तो तेवढाच कडक बोलला असता. शेजारी बसून गाणं म्हटलं म्हणजे सहभागिता झाली, असं मी मानत नाही. दुसऱ्याच्या न्हाणीपर्यंत जाण्याची ज्याची तयारी नाही, त्याची प्रार्थना मला अपुरी वाटते.

यंदाही टोळ्या निघतील. पाळकांना आणि मंडळीतल्या बायाबापड्यांना माझी हात जोडून विनंती आहे: गाड्या भरण्याआधी घरोघर जा, कुठे म्हातारं माणूस एकटं राहणार आहे ते विचारा आणि त्याच रविवारी वार वाटून घ्या.