वाटेवर आहोत तोवर

शास्त्रपाठ : मत्तय ५:२१-२६, लूक १२:१३-२१



हे दोन्ही पाठ आम्ही शब्बाथशाळेत कित्येक वर्षे शिकवीत आलो. एकदा उपासनेत १ करिंथ ६ वर संदेशही दिला, आणि भावाभावांनी कोर्टात जाणे मंडळीला कसे शोभत नाही हे मोठ्या आवेशाने सांगितले. त्यानंतर चार वर्षांनी बेळगावच्या दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावणारे आम्हीच होतो.

वडील मृत्युपत्र न करता प्रभूमध्ये निजले. आई अगोदरच गेली होती. मागे एक कौलारू घर आणि आम्ही तीन भावंडे. घरात थोरले बंधू राहत, आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. आमचा हक्क खरा होता. आजही ते म्हणणे आम्ही मागे घेत नाही. परंतु खऱ्या हक्काच्या मागे लागून मनुष्य स्वतःच्या घरात किती खोटे बोलू लागतो, ते सांगावयाचे आहे.

वकिलाची फी, मुद्रांक, नकला, तारखेच्या दिवशी बुडालेला पगार. मुलीच्या कॉलेजची फी थकली. तेव्हा पत्नीच्या माहेरच्या पाटल्या आम्ही बँकेत गहाण ठेवल्या आणि तिला सांगितले, सोनाराकडे उजळायला दिल्या आहेत. पुढे एके दिवशी ती दाव्याच्या फायलीत काही शोधीत असता बँकेची पावती तिच्या हाती लागली.

ती रडली नाही, भांडलीही नाही. इतकेच म्हणाली, "अहो, कोर्टात शपथेवर खरं सांगायचं आणि घरात हे?"

त्यानंतरचे सहा महिने आम्ही विसरणार नाही. ती ताट वाढी, पण सोबत बसत नसे. कुटुंबप्रार्थनेला येई, आणि 'आमेन' होताच स्वयंपाकघरात जाई. आम्ही मात्र पुढल्या तारखेचा विचार करीत डोळे मिटलेले.

लूकच्या पाठात वाटणीची तक्रार घेऊन आलेला मनुष्य खोटा होता, असे प्रभूने कोठेही म्हटलेले नाही. कदाचित त्याचा भाऊच लबाड असेल. तरी प्रभू वाटणी करून देत नाही. लोभाविषयी सावध करतो आणि कोठारवाल्या धनवानाचा दाखला देतो. त्या धनवानाचे बोलणे पुन्हा वाचून पाहा. तो कोणाचाही सल्ला घेत नाही, बोलतो तो आपल्याच जिवाशी. दाखल्यात त्याची बायको नाही, भाऊ नाही. आमच्यापाशी कोठारे नव्हती, पण बोलणे तसेच झाले होते.

मौन सुटले ते एका नावावरून. त्याच फायलीत पत्नीने पाहिले होते : प्रतिवादी क्रमांक दोन, आमची धाकटी बहीण. ती म्हणाली, "भाऊजींचं तुमचं भांडण. हुबळीला वन्संच्या दारात बेलीफ कशाला?"

कायद्याने ते नाव घालावेच लागते, असे आम्ही सांगितले. ते खरेच आहे. परंतु तिने दुसरेही विचारले : दाव्यापूर्वी बहिणीकडे हक्कसोडपत्र सहीसाठी कोणी पाठवले होते? आम्ही दोघा भावांनी. दोघांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीवर! १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि तो तिने भावांना सोडावा हीच आमच्या घराची रीत.

आता कोणी म्हणेल, मग कोर्टात जाऊच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. पौलाने स्वतः कैसराकडे दाद मागितली (प्रे. कृ. २५). घराबाहेर काढलेल्या विधवेने कोर्टात अवश्य जावे, आणि मंडळीने तिच्याबरोबर जावे. परंतु वादी वाटेवर आहे तोवर समेट कर, असे जे प्रभूने सांगितले, त्या वाटेवर दोनच माणसे चालतात असे आम्ही समजत होतो. मागून बायको, मुले, बहीण, सगळे घर त्या धुळीतून चाललेले असते.

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी आम्ही उभयता थोरल्या बंधूंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, पण पहिल्या भेटीत फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या खेपेस बहीणही आली. आधी तिची क्षमा मागितली, मग हिशेब निघाला. घर बंधूंनी ठेवावे आणि आम्हां दोघांस हप्त्यांनी रक्कम द्यावी असे ठरले. आम्ही मागत होतो त्यापेक्षा ती कमीच आहे. लोकअदालतीत तसा निवाडा झाला. त्यावर अपील नसते, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. तारखा मोजीत बसलेल्या बंधूंनी हे पाळकसाहेबांना बरोबर घेऊन वकिलांना जरूर विचारावे.

पाटल्या अद्याप बँकेतच आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जेवण झाल्यावर आम्ही दोघे वही घेऊन बसतो. हप्ता किती आला, बँकेत किती भरला, मुलीला किती लागेल, हे ती आपल्या हाताने लिहिते. मागच्या वेळी आमच्या बेरजेत चाळीस रुपयांची चूक निघाली. तिने ती खोडून दुरुस्त केली, आणि मग प्रार्थना तिनेच केली.