कानामागचं हाड

थोडा वेळ स्वस्थ बसा. उजव्या हाताची दोन बोटं उजव्या कानाच्या मागे न्या. पाळीच्या मागे एक टणक उंचवटा लागेल. त्यावर बोटं नुसती टेकवा, दाबू नका.

बाहेरून हे हाड दगडासारखं लागतं. आतून ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखं आहे, फक्त त्याच्या घराघरात मधाऐवजी हवा आहे.

आता आवंढा गिळा. कानात बारीकसा टक् झाला का? पुन्हा एकदा गिळा, सावकाश. नाकाच्या मागून, घशाच्या वरच्या टोकाकडून एक नळी मधल्या कानात येते. एरवी ती मिटलेली असते, गिळताना क्षणभर उघडते. खंडाळ्याचा घाट चढताना कानाला दडे बसतात आणि गिळलं की सुटतात, ते हिच्यामुळे. कान ही बंद पेटी नाही. नाकातल्या श्वासाचा एक घोट तिथंही पोचतो, आणि बोटांखालच्या या पोळ्यातही. नाकाला आतून जे ओलसर अस्तर आहे, तेच पातळ होत होत इथवर आलेलं आहे.

एवढं मनात धरा आणि २०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या सुरुवातीच्या दिवसांत चला.

ज्याचा कान वर्षानुवर्षं वाहतो, त्याला कधीतरी डॉक्टर सांगतात, "आत हाड सडलंय." पुष्कळदा तिथं घडलेलं असतं असं की, पडद्याची कातडी आत ओढली जाऊन भलत्या जागी वाढू लागलेली असते आणि वाढता वाढता हाड खात जाते. ती काढायला कानामागचं हाड ड्रिलने कोरावं लागतं. मिनिटाला हजारो फेरे घेणारी छोटी गोल पाती, तिच्यावर पाण्याची धार, बाजूला सक्शनची नळी. जवळूनच चेहऱ्याची नस जाते. वर, पातळशा पत्र्यापलीकडे, मेंदूचं आवरण. मधल्या कानातलं रिकिबीच्या आकाराचं हाड जेमतेम तीन मिलिमीटरचं. सर्जन मायक्रोस्कोपला डोळे लावून तासन् तास रुग्णाच्या कानापासून हातभरावर बसलेला असतो.

त्या पाण्याच्या धारेकडे लक्ष द्या. पाती फिरते तसं पाणी, हाडाचा भुसा, रक्ताचे सूक्ष्म कण उडतात आणि हवेत तरंगत राहतात. कानाच्या सर्जननी हे तुषार आयुष्यभर अंगावर घेतले होते. चष्म्याची काच पुसायची आणि पुढे चालायचं. त्या वसंतात त्यांनी हात थांबवला आणि विचारलं: या हवेत काय आहे?

प्रश्न कोरडा नव्हता. वूहानमधले कान-नाक-घशाचे डॉक्टर लिआंग वुदोंग २५ जानेवारीला कोविडने गेले, वय ६२. ब्रिटनमध्ये त्याच शाखेचे अमजद अल-हवरानी २८ मार्चला गेले, वय ५५. आणि जुलैमध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी कोविडने मृत्यू आलेल्या तिघांच्या कानांची तपासणी प्रसिद्ध केली. तिघांपैकी दोघांच्या मधल्या कानात किंवा कानामागच्या हाडात विषाणू सापडला होता. तीनच माणसं, त्यावरून फार मोठं विधान करता येत नाही. पण आपण आत्ताच आवंढा गिळून पाहिला आहे. वाट कुठून आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

मग काय करायचं? पहिलं उत्तर होतं: थांबायचं. पडद्याचं छिद्र बुजवणं, ऐकू येणं सुधारण्यासाठीची ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. कानामागे पू साठला, चेहरा वाकडा झाला, संसर्ग मेंदूकडे सरकला, तर मात्र थांबता येत नव्हतं. मेंदूज्वरानंतर बहिऱ्या झालेल्या मुलाचंही तसंच. त्याच्या आतल्या कानातला शंख हाडाने भरू लागतो, आणि उशीर झाला तर ऐकू यावं म्हणून बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटची तार आत सरकतच नाही.

इथं जरा रेंगाळा. ऑपरेशनच्या यादीतल्या नावांपैकी कोण थांबू शकेल हे ठरवणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला बसवून पाहा. जन्मतः बहिरं, दीड वर्षाचं मूल. त्याला ताप नाही, दुखत नाही. कागदावर ते थांबू शकतं. पण बोली शिकण्याचे दिवस कुणासाठी थांबत नाहीत. माझ्या मते त्या काळातला सगळ्यात जड निर्णय हाच होता. त्याची किंमत मोजणारा अजून बोलतही नव्हता.

ज्यांची ऑपरेशनं झाली, ती कशी झाली? एन-९५ मास्क, गॉगल, वर फेस शील्ड. पण शील्डमुळे डोळा मायक्रोस्कोपच्या काचेपासून लांब राहतो आणि दिसणारं वर्तुळ आकसतं. गॉगलवर वाफ धरते. जिथं केसभर चुकीने चेहरा लुळा पडू शकतो, तिथंच नजर अंधूक. तेव्हा काहींनी मायक्रोस्कोपवरून पारदर्शक प्लास्टिक सोडून रुग्णाच्या डोक्याभोवती तंबू केला आणि त्याखालून हात घातले. पाण्यात चमकणारा रंग मिसळून, ड्रिल चालवून, शिंतोडे कुठवर जातात ते पाहिलं. काहींनी जमेल तिथं ड्रिल बाजूला ठेवलं, कानाच्या भोकातूनच दुर्बीण घातली, हाताच्या अवजारांनी हाड खरवडलं. १८७३ साली जर्मनीत हर्मन श्वार्त्से यांनी या हाडाच्या शस्त्रक्रियेची रीत मांडली, तेव्हा त्यांच्याही हातात छिन्नी आणि हातोडीच होती.

२०२१ मध्ये महाराष्ट्रात कोविडपाठोपाठ काळी बुरशी आली. हेच सर्जन दिवसरात्र नाकातली, जबड्यातली मेलेली हाडं काढत राहिले. कानाची तारीख आणखी पुढे गेली.

बोटं अजून हाडावर आहेत ना? असू द्या.

आता एकच चित्र. ऑपरेशन संपलं आहे. डोक्याला पट्टी बांधलेली बाई भुलीतून जागी होते. तोंडावर मास्क. पायथ्याशी सर्जन, त्याच्याही तोंडावर मास्क. कानाचं दुखणं जुनं, त्यामुळे ती वर्षानुवर्षं ओठ पाहून समजून घेत आली आहे, आणि ओठ आज झाकलेले आहेत. त्याला एकच गोष्ट पाहायची आहे: चेहऱ्याची नस शाबूत आहे का. तो मोठ्याने विचारतो, तिला कळत नाही. तो आपले डोळे घट्ट मिटून दाखवतो. ती मिटते. मग तो स्वतःच्या मास्ककडे हात नेतो, थबकतो, तिच्याकडे बोट करतो.

ती मास्क हनुवटीखाली ओढते आणि दात दाखवते. तो जवळ वाकतो आणि ओठांची दोन्ही टोकं सारखी वर गेली का ते पाहत राहतो.