पाचपर्यंत

‘पाचपर्यंत येतो’ आणि ‘पाचपर्यंत थांबतो’. मराठीला दोन्हीकडे एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजी दोन शब्द मागते. येणाऱ्यासाठी ‘बाय’, थांबणाऱ्यासाठी ‘टिल’. ‘बाय’ ही मुदत आहे. तिच्या आत केव्हाही आले तरी शब्द पाळला जातो. ‘टिल’मध्ये मधला एकही क्षण सुटत नाही. येणाऱ्याला फक्त पाच दिसतात. दारात उभे राहून ज्याने वाट पाहिली आहे, त्याला हा फरक शिकवावा लागत नाही.

‘सोमवारपासून आजारी’ आणि ‘चार दिवसांपासून आजारी’. पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. एक आरंभ धरतो, दुसरा लांबी मोजतो. ‘पासून’ दोन्ही करतो. म्हणून ‘सिन्स फोर डेज’ ही चूक आपल्या तोंडी इतकी सहज येते. दुःखाची लांबी जग मोजते. किती वर्षे झाली, असे विचारते. ज्याचे दुःख असते, तो तारीख धरून बसलेला असतो.

आईने पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. मराठीत दोघींना एकच ‘ने’. इंग्रजी आईला ‘बाय’ देते, पेन्सिलीला ‘विथ’. करणारा वेगळा, वापरले जाणारे वेगळे. माणसाला साधन मानले की ही रेघ पुसली जाते. पुसणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. वापरला गेलेला मात्र ते विसरत नाही.

‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या घटकेला. ‘इन टाइम’ म्हणजे उशीर होण्याआधी. मराठीतही ‘वेळेवर’ आणि ‘वेळेत’ आहेत. बोलताना त्यांची सरमिसळ होते. पहिली वेळ घड्याळात दिसते. दुसरी टळून गेल्यावरच कळते. गाडी वेळेवर पोहोचते, आणि तिच्यातून उतरलेला माणूस कधी कधी वेळेत पोहोचलेला नसतो.

अशा चुका अज्ञानाच्या नसतात. मातृभाषेने जे एकत्र ठेवले, ते माणसाला एकच दिसते. ज्या भेदाला आपल्याकडे शब्द नसतो, तो जगून झालेला असला तरी बोलताना निसटतो.

इंग्रजी नामांनाही पूर्वी विभक्ती होत्या. 1500पर्यंत त्या बहुतेक झिजल्या, आणि नाती सांगण्याचा भार या लहान शब्दांवर आला. जे नाते अंगी उरत नाही, ते वेगळे उच्चारून दाखवावे लागते.

मराठीत नाते अजून नामाच्या अंगी आहे. ‘घोडा’ला ‘ला’ तसाच लागत नाही. आधी ‘घोड्या’ व्हावे लागते. व्याकरण त्याला सामान्यरूप म्हणते. जोडले जायचे तर आपला मूळ आकार थोडा सोडावा लागतो. परकी भाषा शिकणाऱ्याकडून तेवढेच मागते. माणसेही तेवढेच मागतात.