यादीवरची सही

1980च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतली दप्तरं आवरायला काढली आणि 'लखिना पॅटर्न'चा राज्यभर बोलबाला झाला. ही गोष्ट त्यानंतरच्या एका तालुक्याची. गोष्टच आहे; तहसीलदार कोण, असं विचारू नये.

फेरफाराची नक्कल मागायला एक म्हातारबा वारंवार खेटे घालत होते. अर्जावर शेरा ठरलेला : 'अभिलेख आढळून येत नाही.' नवे रावसाहेब तडक रेकॉर्ड रूममध्ये शिरले. छतापर्यंत लाल रुमालातले गठ्ठे! एक सोडला, तर आत कधीच निवृत्त झालेल्या कारकुनांचे किरकोळ रजेचे अर्ज, स्मरणपत्रं आणि स्मरणपत्रांची स्मरणपत्रं.

"इंग्रज गेले, पसारा ठेवून गेले," रावसाहेब कडाडले. "पेटवून द्या सगळं!"

अव्वल कारकून हळूच म्हणाले, "इंग्रजांनीही जाळायलाच सांगितलंय, रावसाहेब. पण निवडून. 'अ' कागद कायमचे, 'ब' 30 वर्षं, 'क' 10, आणि 'ड' वर्षभरात नष्ट. हे सगळे 'ड' आहेत."

"मग इतकी वर्षं ठेवले कशाला?"

"यादीवर साहेबांची सही लागते. उद्या त्यातलाच कागद कोर्टाने मागितला तर? कागद सांभाळला म्हणून आजवर कुणाला नोटीस आलेली नाही."

परक्या राज्यात हाताखालच्याने निर्णय घ्यायचा नसतो, वर पाठवायचा असतो. नियम आम्ही विसरलो, ही शिकवण मात्र इमानाने पाळली.

निवडानिवड सुरू झाली. दुपारचा चहा रेकॉर्ड रूममध्येच येऊ लागला. शिपाईसुद्धा गठ्ठे सोडायला बसले. एके दिवशी रजेच्या अर्जांखाली म्हातारबांच्या गावची फेरफाराची वही निघाली; धडधडीत 'अ' कागद. पेटवून द्या म्हणणारे रावसाहेब ती बराच वेळ चाळत राहिले. नक्कल त्याच दिवशी दिली.

मग नष्ट करायच्या कागदांची यादी टेबलावर आली. रावसाहेबांनी पेन उघडलं, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिल्यावर आले. "नीट पाहिलंत ना सगळं?"

"एकेक कागद."

"वरून मार्गदर्शन मागवलं तर?"

अव्वल कारकुनांनी यादी आपल्याकडे ओढली. 'मी तपासले' असं लिहून खाली सही केली, तारीख घातली. ती सही नियमात नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. मग त्यांनी यादी पुन्हा रावसाहेबांपुढे सरकवली.